रणगाडे आणि बाटली मसाला

माझ्या आईचा देवावर पूर्ण विश्वास होता. बाकी कुणावर नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, पाववाल्यावर नव्हता, चर्चमध्ये मिस्साला पुढच्या बाकावर बसणाऱ्या बायकांवर तर मुळीच नव्हता. मासळीवाली पापलेटाचे कल्ले उघडून दाखवायची तेव्हा आई कल्ल्यांकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघायची. "मासा खोटं बोलत नाय, बाई बोलते," असं तिचं म्हणणं. हा स्वभाव माझ्यातही उतरला आहे. शाळेत परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून मी वर्गात उभी राहायचे तेव्हा मुलं कुजबुजत, की या बाईंना पाठीलाही डोळे आहेत. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. दाराची बेल वाजली की मी आधी भिंगातून बघते, मग "कोण आहे?" विचारते, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा भिंगातून बघते. सून यावरून मला चिडवते. चिडवू दे. आमच्या घरातला तो मे महिना तिनं काढला असता तर तिनंही हेच केलं असतं.

अंधेरीच्या पूर्वेला आमचं गावठाण. आता त्याच्या चारही बाजूंनी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि आमच्या जुन्या अंगणात एक सात मजली बिल्डिंग आहे, तिच्या चौथ्या मजल्यावर मी राहते. तेव्हा तिथे आमचं कौलारू घर होतं, पुढे शेणाने सारवलेलं मोठं अंगण, अंगणाच्या कडेला फणसाचं झाड आणि गल्लीच्या तोंडाशी क्रूस. पप्पा विक्रोळीला कारखान्यात होते. ते बोलायचे कमी आणि जेवायचे मन लावून. आई मालाडच्या गावठाणातली, लग्न होऊन इकडे आलेली. आणि आमच्या सगळ्या घरादाराचा मान ज्या एका गोष्टीवर उभा होता ती म्हणजे आमचा बाटली मसाला.

आम्हा ख्रिस्ती गाववाल्यांच्या घरी मे महिन्यात वर्षाचा मसाला होतो. मिरच्या चटयांवर वाळतात, मग धणे, तीळ, खसखस, हळकुंड, दगडफूल, नागकेशर, त्रिफळ असे पुष्कळ जिन्नस एकेक करून वेगवेगळे भाजायचे, कांडणाऱ्या बायांकडून उखळात कांडून घ्यायचे, कापडातून चाळायचे आणि बिअरच्या काळपट बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. प्रत्येक घराचा मसाला वेगळा, आणि आपलाच खरा असं प्रत्येकीला वाटतं. आमच्या घरात त्याचा एक नियम होता, माझ्या आजीने घातलेला: लेकीला सोनं, सुनेला मसाला. लेक लग्न होऊन दुसऱ्या घरी जाणार, तिच्याबरोबर घराची चव जायला नको, म्हणून मसाला कसा करायचा ते फक्त सुनेला सांगायचं. आजीने मरण्याआधी तो माझ्या आईला शिकवला. आपल्या पोटच्या मुलीला, म्हणजे माझ्या रेजिना आतेला, शिकवला नाही.

आते गावठाणातच दिलेली होती, पण पार दुसऱ्या टोकाला, चर्चच्या पलीकडे. आजी गेल्यावर महिन्याने तिच्यासाठी मिस्सा झाला, त्यानंतर तिनं आईकडे मसाल्याचं विचारलं. "मोठ्या आयनं ज्याला दिला त्याला दिला," आई म्हणाली. आते उठली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि गेली. त्यानंतर तिनं आमचा उंबरा ओलांडला नाही. ज्या घरात ती जन्मली त्या घरावरून ती रोज बाजाराला जायची आणि मान वळवून बघायचीसुद्धा नाही. पप्पा अंगणात असले तर तेवढ्यापुरते आत जायचे.

असं सगळं चाललेलं असताना ज्यो मामा सुटीवर आला. हा आईचा धाकटा भाऊ, बोटीवर स्वयंपाकी. दरवेळी तो काहीतरी आणायचा. साबण, चॉकलेटं, एकदा तर कोकिळेचं घड्याळ. त्या खेपेला त्याने व्हिडिओ गेम आणला. काळा डबा, त्याला वायरींनी जोडलेल्या दोन दांड्या, प्रत्येक दांडीवर एक लाल बटण, आणि एक जाड कॅसेट. आमचा रंगीत टीव्ही नवा होता आणि त्याच्यावर आईने विणलेला रुमाल असायचा. मामाने रुमाल बाजूला करून वायरी खोचल्या तेव्हा आईने छातीवर क्रूस केला. "टीव्ही फुटला तर बोटीवरून उतरूच नको, ज्यो," ती म्हणाली. टीव्ही फुटला नाही. पडद्यावर विटांच्या भिंती आल्या, भिंतींच्या मध्ये एक हिरवा आणि एक पिवळा असे दोन रणगाडे आले, आणि मधोमध एक किल्ला. दोघांनी मिळून किल्ला सांभाळायचा. वरून शत्रूचे रणगाडे येत राहायचे, भिंती फोडत. आवाज असा, की कुणीतरी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून उचक्या देतंय. इतका आनंद मला पहिल्या कम्युनियनलाही झाला नव्हता, हे मी फादरना कधी सांगितलं नाही.

पहिल्या दिवसांत गावठाणातली झाडून सगळी पोरं आमच्या पुढच्या खोलीत होती. खिडकीच्या गजांनाही लोंबकळून बघत. त्या गर्दीत आतेची बेनेडिक्टा होती. तिला सगळे बेनी म्हणत. माझ्याच वयाची, माझ्याच शाळेतली, पण वेगळ्या तुकडीत. घरच्या अबोल्यामुळे आम्ही शाळेतही जरा लांबूनच हसायचो. बारीक, काळीसावळी, दोन वेण्या, आणि अंगात बहुतेक एकच तो निळा फ्रॉक. दांडी हातात आली आणि ती बदललीच. जीभ बाहेर काढून, डोळे न मिटता, अशी खेळली की मामा पेपर बाजूला ठेवून बघायला आला. "च्यायला, ही पोरगी मिलिटरीत पाहिजे," तो म्हणाला. मला एकटीला तिसऱ्या फेरीच्या पुढे जाता येत नव्हतं. बेनी पिवळा रणगाडा घेऊन बरोबर असली की आम्ही कुठच्या कुठे पोचायचो. आमच्यात दोन घरांनी न बोलण्याची इतकी वर्षं गेली होती, आणि आता आम्ही शेजारी मांडी घालून "डावीकडून घे, डावीकडून, अगं मेली असतीस!" असं ओरडत होतो.

मग अंगणात भाजणं सुरू झालं. ज्याने मिरची भाजताना ठसका खाल्ला नाही त्याला मी काय सांगू? घसा खरवडतो, डोळ्यांतून धारा लागतात, शिंकांवर शिंका येतात. बायका तोंडाला ओलं फडकं बांधून बसत. उखळावर मुसळं धपधप पडायची, बाया आळीपाळीने हुंकार द्यायच्या, आणि वाऱ्याबरोबर ती तिखट धूळ खोलीत यायची. एकेक करून सगळी पोरं पळाली. मामाही चर्चच्या मैदानात जाऊन बसायला लागला. मी राहिले, कारण घर माझं होतं. आणि बेनी राहिली. नाकाला ओला रुमाल बांधून, डोळे लाल, शिंकत शिंकत, पण दांडी सोडायची नाही.

आईच्या डोक्यात किडा वळवळला तो इथे. दुपारच्या जेवणानंतर मला मागच्या पडवीत ओढून तिनं विचारलं, "ती कशाला येते गो?"

"खेळायला."

"एवढा ठसका सोसून? बाकीची पोरं कुठं हायत?"

"तिला आवडतं, ममा."

"आवडतं!" आई म्हणाली. "तिच्या आयला काय पाहिजे ते मना नाय ठाऊक काय? आतापर्यंत ह्या अंगणात पाय ठेवायला मिळत नव्हता. आता पोरीला पाठवलंय. तू खेळ, पण डोळे उघडे ठेव. ती टीव्ही बघते का बाहेर बघते, ते मना सांगायचं."

हाकलून द्यावं तर भाची होती, सख्ख्या नणंदेची मुलगी. गावात बोभाटा झाला असता, की मामीने पोरीला घराबाहेर काढलं. म्हणून आईने टीव्ही हलवला. आधी तो अंगणाच्या खिडकीशेजारी होता, म्हणजे खेळणाराला खिडकी दिसायची. आता तो समोरच्या भिंतीला गेला आणि आमची पाठ खिडकीकडे झाली. बेनीनं नव्या जागी मांडी घातली आणि म्हणाली, "चालू कर ना."

मला मात्र खेळणं जमेना. किल्ला सांभाळायचा का बेनीचे डोळे सांभाळायचे? मी तिच्याकडे बघायचे तेवढ्यात माझा हिरवा रणगाडा उडायचा. "काय झालंय तुला? आंधळी झालीस काय?" ती वैतागायची. आणि मग एक दिवस मला ते दिसलं. एक फेरी संपून दुसरी सुरू होईपर्यंत पडदा थोडा वेळ पूर्ण काळा व्हायचा. त्या काळ्या काचेत आमच्या पाठीमागची खिडकी उमटायची, आणि खिडकीत सगळं अंगण. फडकी बांधलेल्या बाया, वरखाली होणारी मुसळं, चुलीपुढे बसलेली आई, तिच्या हातातली कढई, सगळं स्पष्ट. मी बेनीकडे बघितलं. तीही त्या काळ्या काचेकडे एकटक बघत होती. आता त्या काचेकडे बघण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं, कारण पुढची फेरी तिथेच सुरू होणार होती. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मला हे सुचलं नाही. मला वाटलं, आईचं खरं आहे. कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं म्हणतात. आमच्या घरात ती कावीळ साथीची होती.

मी आईला काचेचं सांगितलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक म्हणून, की सांगितलं असतं तर गेम बंद झाला असता, आणि आम्ही दोघी तेव्हा अशा फेरीला पोचलो होतो जिथे मामाही कधी पोचला नव्हता. पण आईला सांगावं लागलंच नाही. तिनं स्वतःच नवा डाव मांडला. बेनी खोलीत असली की ती बायांना मोठ्याने चुकीची मापं सांगायला लागली. "त्रिफळ अजून घे गो! अजून! हां, आता मोहरी दुप्पट!" बायांनी चक्रावून बघितलं तर ती डोळ्याने खूण करायची, पण बाया घाटावरच्या, सरळ मनाच्या, सांगितलं ते घालून मोकळ्या. आणि नाटक खरं वाटावं म्हणून आई त्यांना थांबवायचीही नाही. बेनी घरी गेल्यावर बाकीचे जिन्नस वाढवून तोल सांभाळायचा, असा तिचा हिशेब. मामा एकदा आत येऊन हे ऐकत उभा राहिला. "ताई, तू बाटलीत मसाला भरतेयस का सुरुंग?" त्याने विचारलं. "तू बोटीवर बटाटे सोल," आई म्हणाली.

आता विचार करते तेव्हा हसू येतं. मसाला खोलीच्या बाहेर, रणगाडे खोलीच्या आत, आणि दोन्हीकडे लढाई. आत बेनी आणि मी एकीने लढत होतो. बाहेर आई एकटीच, समोर शत्रू नसताना. हल्ली माझा नातू मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी पोरांबरोबर खेळतो, आणि मी मागून विचारते, "कोण रे ते? ओळखतोस काय?" तो म्हणतो, "आजी, टीममध्ये आहे ना, बस." मला त्याचा हेवा वाटतो.

कांडणं-चाळणं संपत आलं होतं त्या दिवशीची गोष्ट. दुपारी मी बेनीला उकडलेल्या आठळ्या दिल्या होत्या, मीठ लावून, फणस आमच्याच झाडाचा. तिनं अर्ध्या खाल्ल्या आणि अर्ध्या फ्रॉकच्या खिशात टाकल्या, घरी भावाला न्यायला. मग खेळता खेळता तिला असा ठसका लागला की थांबेचना. पाणी प्यायला म्हणून ती अंगणातल्या नळाकडे पळाली. नळ मसाल्याच्या परातीच्या शेजारी. ती ओंजळ भरून पाणी प्यायली, तोंड धुतलं, आणि तशीच वाकलेली असताना आईने तिचा दंड धरला.

"खिशात काय हाय?"

बेनी शिंकत होती. "काय नाय, मामी."

"काय नाय? मंग हा फुगा कसला? काढ. काढ म्हणते ना!"

मुसळं थांबली. मी धावत बाहेर आले आणि ओरडले, "ममा, मीच दिल्यात त्या, आठळ्या आहेत!" पण आईचा हात तोवर खिशात गेला होता. तिनं मूठ बाहेर काढून उघडली. तळहातावर आठळ्या होत्या, आणि ओल्या खिशाची थोडी लाल धूळ. चूक झाली असं म्हणून तिथे सगळं मिटलं असतं. पण आईला माघार घेणं जमायचं नाही. "आज आठळ्या हायत," ती म्हणाली. "उद्या काय असेल? जा. आयला सांग, पाहिजे तर स्वतः ये म्हणावं. पोरीला पाठवू नको."

बेनीनं आईच्या हातातल्या आठळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. रडली नाही. गळ्यात सरकलेला ओला रुमाल सोडून पिळला आणि गल्लीतून निघून गेली. आत टीव्हीवर तिचा पिवळा रणगाडा जागच्या जागी उभा होता आणि चारी बाजूंनी त्याच्यावर गोळ्या पडत होत्या. मला आईचा इतका राग आला की मी वायरी उपटून टाकल्या. दोन दिवस जेवले नाही. मामाने सुटी संपल्यावर डबा परत नेला. "इथं ठेवला तर तिसरं महायुद्ध होईल," तो म्हणाला, पण हसला नाही.

मसाला महिनाभर मुरू द्यायचा असतो. जूनच्या शेवटी, संत पेत्राच्या सणाला, आईने पहिली बाटली फोडली आणि कोंबडीची खुडी, म्हणजे आमच्याकडचा रस्सा, केली. हातभाकऱ्या, खुडी, काकडीची कोशिंबीर. पप्पांनी पहिला घास घेतला आणि घास तोंडात तसाच ठेवला. मग गिळला. मग पाणी प्यायले. मी चाखलं. कडवट होतं. त्रिफळाची झिणझिणी जिभेवर, मोहरीचा उग्रपणा नाकात, आणि आमची ती ओळखीची चव कुठेच नाही. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आई स्वतःच पडली होती. "कोंबडी म्हातारी होती," ती म्हणाली. वर्षभर आमच्या घरात कोंबड्या म्हाताऱ्या होत्या, बोंबील शिळे होते, चिंच जून होती. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा केला. थोडा बरा झाला, पण तो नाहीच. त्या एका महिन्यात तिनं इतक्यांदा खोटं मोजलं होतं की खरं माप तिच्या हातातूनच गेलं. लिहून ठेवायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि विचारायला आजी नव्हती.

त्याच सुमारास पप्पा रविवारी मिस्सानंतर उशिरा घरी यायला लागले. आले की ताटावर बसायचे आणि दोन घासांत उठायचे. "भूक नाय." एका रविवारी आईने त्यांचा शर्ट धुवायला घेतला, कॉलरला नाक लावलं आणि तशीच बसली. मी तिथेच होते. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"कुठं जेवता तुम्ही?" तिनं विचारलं.

पप्पा दाराकडे बघत म्हणाले, "रेजिनाकडे."

"तिचा मसाला..."

"हां," पप्पा म्हणाले. "आयचाच."

एवढंच बोलणं झालं. आईने शर्ट बादलीत टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? चोरलाच शेवटी. आठळ्या म्हणे!" बेनी चोर आहे हे त्या दिवशी आमच्या घरात कायमचं ठरलं. आई मरेपर्यंत त्यात बदल झाला नाही. आणि मला कबूल केलं पाहिजे, की माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. मला ती काळी काच आठवायची. आईने स्वतःचं माप गमावलं होतं, आणि तेच माप आतेच्या घरात जाऊन बसलं होतं. ते काय उडत गेलं?

बेनीशी मी याबद्दल एकदाच बोलले, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद उतरवून आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो तेव्हा. मी सरळ विचारलं. ती खो खो हसली.

"माझी आई विचारायची ना रोज! काय घातलं, किती घातलं. मी काहीतरी फेकायची. धणे पाच मुठी, धणे नऊ मुठी. नाय सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पाठवलं नसतं यार. मी कुठं बघायला गेली? मी तर गेम बघत होती!"

"मग तुमचा मसाला जमला कसा?"

"ते मना काय ठाऊक!"

मला पटलं नाही. चेहरा निरागस होता, पण निरागस चेहऱ्याची पोरंच पट्टीखाली चिठ्ठी लपवतात, हे पुढे मी नोकरीत रोज बघितलं. बेनी लग्न करून परदेशी गेली. नाताळाला फोन करते. आम्ही मुलांचं, गुडघ्यांचं, तिथल्या बर्फाचं बोलतो. पण तिच्या आवाजात मी अजून काहीतरी शोधत असायचे.

गेल्या मे महिन्यात रेजिना आतेने मला जेवायला बोलावलं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पप्पाही गेले. आतेची ऐंशी उलटली आहे. चर्चपलीकडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटी राहते, एक बाई येऊन-जाऊन असते. मसाला मात्र स्वतः भाजते, गॅसवर, थोडा थोडा. कांडायला गिरणीत देते. तिनं बोंबलांचं कालवण केलं होतं. पहिला घास घेतला आणि मी लहान झाले. पप्पा शेजारी बसून जेवतायत असं वाटलं. तीच चव, जी आमच्या घरात पुन्हा कधी आली नाही. डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनीही माझ्यातली पर्यवेक्षक जागीच होती. मी म्हटलं, "आते, आता तरी खरं सांग. हा कुठून मिळाला तुला?"

आते बोंबलाचा काटा काढत बसली. मग म्हणाली, "बेनीनं नाय दिला. ती येडी पोरगी रोज येगळं सांगायची. मना पहिल्या दोन दिवसांत कळलं, ही फेकते."

"मग रोज पाठवलीस कशाला?"

"पहिल्यांदा मसाल्यासाठीच पाठवली. खोटं कशाला बोलू. तुझी आय म्हणायची ते बरोबरच होतं." ती हसली. तोंडात दात थोडेच राहिले होते. "मंग एक दिवस ती घरी आली, आन मी तिची वेणी सोडायला घेतली. केसांना वास. धण्याचा, आमच्या चुलीवर भाजलेल्या. आमची आय धणे जरा जास्तीच भाजायची, करपायच्या आधी उतरवायची. दुसऱ्या कुणाच्या घरी तसा वास नाय. मे महिन्यात सगळं गाव मसाल्यानं घमघमतं, त्यात आपलं घर कुठं ओळखू येतंय? पण पोरीच्या अंगाला फक्त तुमच्याच अंगणाचा होता. मंग रोज ती आली की तिचा फ्रॉक काढून घ्यायची. धुवायला टाकते म्हणायची. आन मोरीत नेऊन दार लावून तोंडावर धरायची. आज तीळ, उद्या खसखस. कुठला जिन्नस किती भाजला, सगळं त्या फ्रॉकात. मापाचं काय गो, चव जिभेला ठाऊकच होती. भाजणं ठाऊक नव्हतं, ते मिळालं."

मी जेवायची थांबले होते. आईने टीव्ही फिरवला होता, खोटी मापं ओरडली होती, खिसा उलटा केला होता. आणि पोरगी रोज संध्याकाळी आमचा सगळा मसाला केसांत घेऊन, क्रुसावरून, चर्चवरून, सगळ्यांच्या देखत घरी चालत जात होती. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

"आईला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "बेनीला चोर म्हणत राहिली ना ती, मरेपर्यंत."

"काय सांगणार होती? माझ्याच आयच्या घराचा वास मी चोरून घेतला, असं?" आते म्हणाली. मग काटा ताटाच्या कडेला ठेवून तिनं हात पुसले. "ज्या दिवशी पोरीला हाकललं ना तुझ्या आयनं, त्या दिवशी बेनी आठळ्यांसाठी रडत आली. मी पण रडली. तिला वाटलं, तिच्यासाठी रडते. पोरीसाठी नाय गो रडली मी. उद्यापासून फ्रॉकला वास येणार नाय, म्हणून रडली."